खाडीचा डोळा

आमच्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापून येत असत. का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते पान मुख्य कार्यालयात तयार होऊन यायचे, हवामानाच्या खाली ती चौकट असायची, आणि ती काढावी असे कोणाला सुचले नव्हते. एकदा चादरींच्या प्रदर्शनाची जाहिरात पानात बसेना म्हणून मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पासष्टीचे, रुंद खांद्यांचे एक गृहस्थ त्या दिवशीचा अंक हातात घेऊन माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, आमची भरती कुटं गेली?"

मी त्यांना आतले पान उघडून नोकरभरतीच्या जाहिराती दाखवल्या. त्यांनी पान सभ्यपणे मिटले. "ती न्हाय. पाण्याची."

ही माझी आणि रज्जाक ड्रायव्हरची पहिली भेट. सोलापुरात राहून आपल्याला भरतीची वेळ कशाला लागते, असे मी विचारले. आपला मासेमारीचा धंदा आहे का, असेही विचारले. त्यांनी धंदा नाही असे सांगितले आणि खुर्ची ओढून बसले. मोबाइलवर या वेळा मिळतात, हे त्यांना माहीत होते. पण मोबाइलवर कायबी येतंय, छापून आलं की त्याला कोणतरी जबाबदार असतंय, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्राबद्दल इतका चांगला अभिप्राय त्या वर्षात दुसरा आला नव्हता. चौकट परत सुरू झाली. ती वाचणारा जिल्ह्यात एकच माणूस होता, पण तो रोज वाचत होता.

रज्जाकभाई लाल बसचे निवृत्त ड्रायव्हर. घर विजापूर वेशीजवळच्या एका गल्लीत. नोकरीच्या काळात त्यांना बरीच वर्षे महाडची गाडी होती. तिथे मुक्काम असायचा. पहिल्याच मुक्कामानंतर सकाळी ते तोंड धुवायला सावित्रीच्या काठावर गेले, तर नदी उलटी वाहत होती. समुद्राची भरती खाडीतून आत चढते, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. रज्जाकभाईंना ते कोणी सांगितले नव्हते. उतारावर गाडी आपोआप मागं सरकावी तसं पाणी सरकत होतं, असे ते सांगत. त्यांनी धावत जाऊन कंडक्टरला उठवले आणि नदी रिव्हर्स घेती म्हणून कळवले. कंडक्टर चिपळूणचा होता. त्याने ही हकीकत पुढे प्रत्येक डेपोत सांगितली. रज्जाकभाईंनी ती कधी नाकारली नाही, उलट तोच शब्द कायमचा घेतला. भरती म्हणजे रिव्हर्स, ओहोटी म्हणजे टॉप, आणि मधे पाणी थांबते ते न्यूट्रल.

त्याच सकाळी त्यांना दामू भेटला. दामू खाडीतला कोळी. तो चालत्या होडीमागे लांब दोरी सोडून जिताडा, म्हणजे खाडीतला तो मोठा, महागडा मासा, धरत असे. दोरीच्या टोकाला लाकडाचा किंवा प्लास्टिकचा नकली मासा, त्याच्या पोटाला गऱ्या. होडी माणसाच्या चालीने जाते, नकली मासा पाण्याखाली डुलत मागे येतो, आणि खडकाच्या आडोशाला बसलेला जिताडा त्याच्यावर झेप घेतो. रज्जाकभाईंच्या दृष्टीने हे टोचन होते. बंद पडलेली गाडी दोरीने ओढतात तसेच. नकली माशाला त्यांनी डुप्लिकेट म्हटले. त्याच्या तोंडाशी एक पाते असते, ते जितके मोठे तितका तो खोल जातो. त्या पात्याला ते बंपर म्हणत. दामूने त्यांना होडीत घेतले. थोड्या वेळाने दोरीला धक्का बसला आणि एक मोठा चंदेरी मासा पाण्याबाहेर उसळून पुन्हा आत गेला. रज्जाकभाईंनी तो पाहिला नाही. त्या वेळी ते होडीच्या दुसऱ्या बाजूला वाकून ओकत होते.

"गाडीत लोक ओकायचे, होडीत मी," ते म्हणत. घाटातली वळणे ज्यांनी हयातभर काढली, त्यांना खाडीतले सपाट पाणी सोसले नाही. पुन्हा दोनदा प्रयत्न झाला, निकाल तोच. म्हणजे जिताडा धरण्याचा मार्ग बंद होता. उरला तो डुप्लिकेट निवडण्याचा. ते काम काठावरून करता येते, आणि रज्जाकभाईंच्या मते सोलापुरातूनही.

निवृत्तीनंतर त्यांनी ते पूर्णवेळ केले. सागवानाच्या तुकड्यांचे मासे स्वतः कोरायचे, आत पोकळी ठेवून बेअरिंगचे छर्रे घालायचे, रंगवायचे. वरून पत्नीच्या नेलपॉलिशचा हात द्यायचा. प्रत्येक डुप्लिकेटची जोडी असे. एक दामूकडे जाई, एक घरच्या काचेच्या कपाटात राही. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला बसच्या पाटीसारखे गावाचे नाव. सोनेरी अंगाचा आणि काळ्या पाठीचा तो अक्कलकोट. निळा-चंदेरी तो उजनी. विटकरी तो कुंभारी. सबंध काळा तो बार्शी, का ते त्यांनी सांगितले नाही.

रोज सकाळी ते पेपरातली वेळ पाहत, मुंबई आणि सावित्री यांच्यातला फरक मनात धरत, मग दामूला फोन लावत. पाणी कसलं हाय, हा पहिला प्रश्न. दामू चहासारखं, ताकासारखं, नाहीतर वरणासारखं म्हणून सांगे. मग रज्जाकभाई कपाट उघडत, दोन-तीन डुप्लिकेट खिडकीशी नेऊन पाहत आणि हुकूम सोडत. चहासारख्या पाण्याला अक्कलकोट लाव. खडकावर बंपर आपटू दे, पण अडकला तर दोरी ढिली सोड, लाकूड हाय, आपलं आपण वर येतंय. ओहोटी संपत आली की नाल्याच्या तोंडाशी जा, बारीक मासळी तिथून उतरती, आणि जिताडा स्टँडवर हमाल बसतो तसा तिथं बसतो. संध्याकाळी दामूचा फोन येई. बऱ्याच वेळा मासा लागलेला असे. रज्जाकभाई मग गल्लीत सांगत फिरत की आज अक्कलकोट पावला.

त्यांच्या पत्नी, शमाभाभी, या सगळ्याकडे स्वयंपाकघरातून पाहत. इतक्या वर्षांत या घरात एक जिताडा शिजला नव्हता. घरी येई तो उजनीच्या धरणातला चिलापी. रज्जाकभाई तो खात, पण त्याला मासा म्हणत नसत. "चिलापी म्हणजे पॅसेंजर. कुटं बी हात केला की चढतो. जिताडा रिझर्वेशनवाला." भाभी ताट पुढे सरकवत आणि म्हणत, "रिझर्वेशनवाले को बुलाव फिर, मैं मसाला पीस के बैठतीय."

मग मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत होता. उजव्याचे ऑपरेशन आधी झाले. पट्टी काढली त्या दिवशी रज्जाकभाई घरी आले, काचेचे कपाट उघडले आणि तिथेच बसून राहिले. अक्कलकोट रिक्षासारखा पिवळाजर्द होता. उजनीचा निळा रंग लग्नाच्या मांडवाला शोभला असता. कुंभारी तर बघवत नव्हता. मोतीबिंदू वाढत होता त्या वर्षांत हे सगळे रंगवले गेले होते. त्यांना तेव्हा ते सौम्य दिसत. "हे मी रंगवलंय?" त्यांनी भाभींना विचारले. भाभींना वाटायचे की ते मुद्दामच असे रंगवत असतील.

पुढचे काही दिवस नव्या डोळ्याने निवड झाली. रज्जाकभाई आता भडक टाळून मळकट रंग निवडू लागले. दामूला एकही मासा लागला नाही. दिवस थंडीचे होते, जिताडा थंड पाण्यात सुस्तावतो, असे दामूने सांगून पाहिले. रज्जाकभाईंनी ते मानले नाही. ते खिडकीशी गेले, उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने अक्कलकोटकडे पाहिले. तो पूर्वीसारखाच दिसला. शांत, सोनेरी, चहाच्या पाण्यातल्यासारखा. त्यांनी दामूला अक्कलकोट लावायला सांगितले. थंडी तोवर ओसरली होती. संध्याकाळी दामूने मासा लागल्याचे कळवले.

एवढ्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला सांगायला ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले. खाडीचे पाणी गढूळ असते. मोतीबिंदूचा डोळाही गढूळ असतो. म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्याला जे दिसते तेच जिताड्याला दिसते. इतकी वर्षे निवड बरोबर येत होती ती त्यामुळेच. आता त्यांच्याकडे एक डोळा सोलापूरचा होता आणि एक खाडीचा.

"उजवा रस्त्याला, डावा माशाला," ते म्हणाले. "डाव्याला आता हात लावायचा न्हाय."

युक्तिवाद ऐकायला चांगला होता. अडचण डॉक्टरांची होती. डावा मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. भाभींनी दोनदा तारीख घेतली. दोन्ही वेळा रज्जाकभाई घरातून निघाले, दवाखान्यापर्यंत गेले नाहीत. अधूनमधून डावा डोळा लाल होऊ लागला. कपाळाची ती बाजू ठणकू लागली. त्यांनी डॉक्टरांना विचारले की हा डोळा असाच, पण न दुखता ठेवता येईल का. डॉक्टरांनी त्यांना चेष्टा करता का म्हणून विचारले. रज्जाकभाई चेष्टा करत नव्हते. नदीवर एकदाही ज्यांना काही साधले नव्हते, त्यांच्याकडे नदीची म्हणून ही एकच गोष्ट होती.

कार्यालयातल्या एका वार्ताहराला या हकीकतीवर रविवारच्या पुरवणीत लिहायचे होते. मथळाही त्याने ठरवून टाकला होता. अशा मजकुराला दुसऱ्या बाजूचा दुजोरा लागतो, आणि या प्रकरणात दुसरी बाजू एकच होती. मी दामूला फोन लावला. कोणत्या दिवशी कोणत्या डुप्लिकेटवर मासा लागला, एवढेच विचारायचे होते.  दामूने आधी हे छापणार आहात का म्हणून विचारले. मी हो म्हणालो.

"मग नको छापू," तो म्हणाला. "मी दादांचा एक पण लावला नाय कधी."

मी कारण विचारले. त्याने सांगितले की रज्जाकभाईंचे मासे दिसायला छान होते, त्याच्या घरात भिंतीला ओळीने लावलेले होते, पाहुणे कौतुक करत. पण ते सागवानाचे, जड, नीट डुलत नव्हते. सुरुवातीला एकदा खोटे बोलला, दादा फोनवर इतके खूश झाले की पुढे खरे सांगायची सोय राहिली नाही. त्यात नुकसान कोणाचे झाले, असे त्याने मला विचारले. मासा कुठल्या गरीला लागला, हे मासा थोडाच कुणाला सांगतो. मी त्याला डाव्या डोळ्याचे सांगितले. त्याला ते माहीत नव्हते. रज्जाकभाईंनी त्याला एवढेच कळवले होते की एक डोळा खास त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. दामूला ती बोलण्याची पद्धत वाटली होती.

तिसऱ्या दिवशी दामू सोलापुरात आला. बरोबर थर्माकोलच्या पेटीत बर्फात घातलेला जिताडा होता. शमाभाभींनी पेटी उघडून पाहिली, आत नेली आणि थोड्या वेळात पाट्यावरचा आवाज सुरू झाला. मी दामूला स्टँडवरून घरी आणले होते, म्हणून तिथे होतो. रज्जाकभाईंना फार आनंद झाला. त्यांनी दामूला कपाटासमोर बसवले, एकेक जोडी काढून दाखवायला सुरुवात केली. डावा डोळा तेव्हा जवळजवळ मिटलेला होता आणि त्यातून पाणी येत होते. त्याच डोळ्याशी नेऊन ते प्रत्येक डुप्लिकेट पाहत होते.

दामूने खिशातून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढले आणि त्यांच्या हातात दिले. प्लास्टिकचा एक नकली मासा होता. बंपरला चरे पडलेले, अंग खरवडलेले.

"हा कुठला?" रज्जाकभाईंनी विचारले.

"दादा, सगळे जिताडे याच्यावर लागलेत. मी हाच लावतो. पहिल्यापासून."

रज्जाकभाईंनी तो मासा आधी डाव्या, मग उजव्या डोळ्यापाशी नेला. मग विचारले, "रंग कुठला ह्याचा?"

"रंग कुठे राहिलाय. दात लागून लागून गेला. पयला असेल कायतरी."

आतला पाट्याचा आवाज थांबला होता. रज्जाकभाईंनी अक्कलकोट जागेवर ठेवला, उजनी ठेवला, काच सरकवली. रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी तो खरवडलेला मासा पुन्हा उचलला.

"बनवला कुणी?"

"बनवला नाय. पुण्याचा एक पाहुणा होडीत विसरून गेला."

रज्जाकभाई पहिल्यांदा दुखावलेले दिसले ते या वाक्यानंतर.

"पुण्याचा?" ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "पुण्याचा लावलास."

दामूने मान खाली घातली. त्याने डोळ्याचे काय ते बोलायला तोंड उघडले, पण भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातावर मसाला तसाच होता. त्यांनी दामूला गप्प बसण्याची खूण केली आणि नवऱ्याला एवढेच विचारले की आता हा डोळा कोणासाठी ठेवायचा आहे, दामूसाठी की पुण्यासाठी.  जेवताना रज्जाकभाईंनी जिताडा खाल्ला. चव कशी आहे असे दामूने विचारले तेव्हा ते म्हणाले की चिलापीला एवढे काटे नसतात. दामूच्या मते ते खोटे होते.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झाले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी पंधरवडा गेला असता तर डोळा हातचा गेला होता. आता डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या, वरच्या दोन ओळी सोडून सगळ्या वाचता येतात, असे रज्जाकभाई सांगत. त्या दोन ओळी सगळ्यांत मोठ्या अक्षरांच्या असतात, त्या वाचायला त्यांना कमीपणा वाटे. रविवारच्या पुरवणीत त्या जागी अक्कलकोट रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी गेली.

दामू परत गेला तेव्हा त्याने एक शब्द दिला होता. यापुढे रज्जाकभाई सांगतील तोच डुप्लिकेट दोरीला बांधीन, मासा लागो न लागो, आणि लागला नाही तर तसेच सांगीन. त्याने तो पाळला. बरेच दिवस संध्याकाळचे फोन छोटे झाले. रज्जाकभाई ते घेत, बरं म्हणत आणि ठेवत. भरतीची चौकट मात्र ते रोज पाहत होते. एकदा ती चुकून आदल्या दिवशीची छापली गेली, तेव्हा सकाळीच त्यांचा फोन आला.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी दामूला एक जिताडा लागला. खरोखर लागला, आणि तोही कुंभारीवर, ज्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहणे कठीण होते. दामूने पुन्हा पुन्हा शपथ घेऊन सांगितले. गल्लीत पेढे वाटले गेले. अशा वेळी दुसऱ्या कोणीही आनंद मानून विषय संपवला असता. रज्जाकभाईंनी कारण शोधायला घेतले. रंग हे कारण असू शकत नव्हते, ते तर दामूने पुराव्यानिशी संपवले होते. मग कुंभारीत वेगळे काय होते? त्यांनी घरातला कुंभारी कपाटातून काढून कापला. आतल्या पोकळीत छर्रे नेहमीपेक्षा कमी होते. म्हणजे आवाज वेगळा होता.

माझी बदली मराठवाड्यातल्या आवृत्तीत झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. कपाटातले सगळे डुप्लिकेट बाहेर सतरंजीवर काढलेले होते. रज्जाकभाई एकेक उचलून डाव्या कानाशी हलवत होते. मी काही बोललो ते त्यांना ऐकू गेले नाही. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो. बदलीचे कळल्यावर त्यांनी नव्या गावाच्या आवृत्तीत भरतीच्या वेळा छापतात का, ते विचारले. छापत नसाव्यात, असे मी सांगितले. मग तिथं काय वाचणार तुमी, असे ते म्हणाले आणि माझ्या हातात उजनी दिला. ठेवून घ्या, म्हणाले.

भाभी मला दारापर्यंत पोचवायला आल्या. डाव्या कानाने ते आता जवळजवळ बहिरे झाले आहेत, डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितले आहे, उशीर केला तर मशीनचाही उपयोग होणार नाही असे बजावले आहे, आणि हे ऐकत नाहीत, असे त्यांनी सांगितले. ते काय म्हणतात, असे मी विचारले.

"बोलतेत, पानी के अंदर ऐसाच सुनने आता."

आतून छर्ऱ्यांचा आवाज येत होता. भाभींनी मागे वळून पाहिले, दार थोडे ओढून घेतले आणि माझ्याकडे दामूचा नंबर मागितला. नवऱ्याच्या मोबाइलमधून घेतला तर त्यांना कळेल, म्हणाल्या.